जे डिला

जे डिला (मूळ नाव : जेम्स डिविट यान्सी, जन्म : ७ फेब्रुवारी १९७४, डेट्रॉइट, मिशिगन, अमेरिका, मृत्यू : १० फेब्रुवारी २००६, लॉस एंजेलस, कॅलिफोर्निया, अमेरिका) हे अमेरिकन हिप-हॉप संगीतनिर्माते आणि रॅपगायक होते. कारकिर्दीच्या पूर्वार्धात ते 'जे डी' या नावाने ओळखले जात. जुन्या ध्वनिमुद्रिकांवरील सुरांचे व ठेक्यांचे छोटे तुकडे यंत्रात उतरवून घेणे आणि त्यांची नव्याने जुळणी करून स्वतंत्र रचना तयार करणे या पद्धतीला सॅम्पलिंग म्हणतात. या पद्धतीच्या सर्वश्रेष्ठ कलावंतांमध्ये यान्सी यांची गणना होते. यंत्राच्या काटेकोर लयीत त्यांनी मानवी हाताचा किंचित मागेपुढेपणा आणला आणि त्याचा प्रभाव हिप-हॉपपुरता न राहता सोल व जॅझ वादकांपर्यंत पोहोचला. त्यांच्या हयातीत हे कार्य मुख्यतः संगीतक्षेत्रातील जाणकारांनाच ठाऊक होते. व्यापक कीर्ती त्यांना मृत्यूनंतर लाभली.

== बालपण आणि घरचे वातावरण ==

यान्सी यांचा जन्म डेट्रॉइट शहरात झाला. मोटारउद्योगाचे केंद्र असलेले हे शहर संगीतासाठीही प्रसिद्ध होते. बेरी गॉर्डी यांनी १९५९ मध्ये येथेच मोटाउन ही ध्वनिमुद्रण कंपनी स्थापन केली. १९७२ मध्ये या कंपनीने आपले मुख्य ठाणे लॉस एंजेलसला हलवले. यान्सी जन्मले तेव्हा कंपनी शहर सोडून गेलेली असली, तरी तिच्या तबकड्या घरोघरी वाजतच होत्या.

त्यांचे वडील बेव्हर्ली डिविट यान्सी हे जॅझ संगीतातील बास या वाद्याचे वादक व गायक होते. आई मॉरीन यान्सी यांनी ऑपेरा गायनाचे शिक्षण घेतले होते. चार भावंडांमध्ये जेम्स थोरले. घरात गाणे ही रोजची गोष्ट होती आणि आईवडील मिळून वाद्यांच्या साथीविना जॅझ गीते गात असत. आईने सांगितलेल्या आठवणींनुसार अगदी लहान वयातच जेम्स यांना तबकड्या जमवण्याचा छंद लागला होता. त्यांचे धाकटे बंधू जॉन हेही पुढे 'इला जे' या नावाने संगीतक्षेत्रात आले.

कुटुंब शहराच्या ईशान्य भागातील कॉनंट गार्डन्स या वस्तीत राहत असे. येथील पर्शिंग हायस्कूलमध्ये शिकत असताना त्यांची 'टी-थ्री' व 'बाटिन' या नावांनी पुढे प्रसिद्ध झालेल्या दोन मित्रांशी गट्टी जमली. या तिघांतून 'स्लम व्हिलेज' हा गट उभा राहिला.

== संगीतनिर्मितीचे शिक्षण ==

आरंभी यान्सी यांच्याकडे कॅसेट रेकॉर्डरखेरीज फारसे साहित्य नव्हते. तबकडीवरील हवा तो भाग कॅसेटवर घ्यायचा, यंत्र थांबवायचे, तबकडीची सुई मागे आणायची आणि तोच भाग पुन्हा जोडायचा, अशा रीतीने त्या काळी अनेक होतकरू मुले एकच ठेका सलग चालू ठेवत. हे काम वेळखाऊ होते. मात्र त्यातून कानाला एक शिस्त लागत असे. गाण्यातील कोणता क्षण वेगळा काढण्याजोगा आहे, हे ऐकता ऐकता कळू लागे.

१९९२ च्या सुमारास डेट्रॉइटमधील अनुभवी कीबोर्डवादक जोसेफ 'अँप' फिडलर यांच्याशी यान्सी यांची ओळख झाली. फिडलर यांनी आपल्या घरातील अकाई एमपीसी-६० हे यंत्र त्यांना वापरू दिले. रॉजर लिन यांनी आराखडा केलेल्या या यंत्रावर रबराच्या १६ चौकोनी कळा असतात. प्रत्येक कळेला एकेक ध्वनी जोडता येतो आणि बोटांनी त्या कळा वाजवून संपूर्ण ठेका बांधता येतो. फिडलर यांनी फार काही शिकवण्याऐवजी यान्सी यांना स्वतःच प्रयोग करू दिले. पुढे यान्सी यांनी याच मालिकेतील एमपीसी-३००० हे यंत्र आपले मुख्य वाद्य म्हणून वापरले.

== कारकीर्द ==

१९९४ मध्ये एका फिरत्या संगीत महोत्सवाच्या निमित्ताने 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट' हा न्यू यॉर्कचा नामांकित गट डेट्रॉइट परिसरात आला होता. फिडलर यांनी या गटातील क्यू-टिप यांच्याशी यान्सी यांची गाठ घालून दिली. यान्सी यांची कॅसेट ऐकून क्यू-टिप प्रभावित झाले आणि त्यांनी इतर कलावंतांकडे त्यांची शिफारस केली.

१९९५ मध्ये 'द फारसाइड' या गटाच्या 'लॅबकॅबिनकॅलिफोर्निया' या ध्वनिमुद्रिकेतील अनेक गीतांचे संगीत यान्सी यांनी केले. त्यांतील 'रनिन्' हे गीत विशेष गाजले. त्याचा गाभा स्टॅन गेट्झ आणि लुईझ बॉनफा यांच्या १९६३ मधील ध्वनिमुद्रिकेवरून घेतलेल्या गिटारच्या सुरावटीवर उभा आहे. १९९६ मध्ये 'डे ला सोल' या गटाच्या 'स्टेक्स इज हाय' या गीतासाठी त्यांनी पियानोवादक अहमद जमाल यांच्या 'स्वाहिलीलँड' या रचनेचा आधार घेतला.

याच काळात क्यू-टिप, अली शहीद मुहम्मद आणि यान्सी यांनी 'द उम्मा' या सामूहिक नावाने काम सुरू केले. 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट'च्या 'बीट्स, ऱ्हाइम्स अँड लाइफ' (१९९६) व 'द लव्ह मूव्हमेंट' (१९९८) या ध्वनिमुद्रिका या नावाखाली तयार झाल्या. या व्यवस्थेमुळे यान्सी यांना मोठ्या कलावंतांबरोबर काम करण्याची संधी मिळाली. मात्र श्रेय समूहाच्या नावावर जात असल्याने कोणते काम नेमके त्यांचे, हे सामान्य श्रोत्यांना कळत नसे.

२००० हे वर्ष त्यांच्या कारकिर्दीत महत्त्वाचे ठरले. स्लम व्हिलेजची 'फँटॅस्टिक, व्हॉल्यूम २' ही ध्वनिमुद्रिका त्या वर्षी बाजारात आली. त्याच वर्षी कॉमन यांच्या 'लाइक वॉटर फॉर चॉकलेट' या ध्वनिमुद्रिकेतील बहुतांश संगीतात त्यांचा वाटा होता. तिच्यातील 'द लाइट' या गीताला ग्रॅमी पुरस्कारासाठी नामांकन मिळाले. एरिका बडू यांच्या 'मामाज गन' या ध्वनिमुद्रिकेसाठी केलेले 'डिडन्ट चा नो' हे गीतही याच वर्षातले. बडू त्यासाठी डेट्रॉइटला त्यांच्या घरी गेल्या होत्या आणि यान्सी यांच्या संग्रहातून निवडलेल्या टारिका ब्लू या गटाच्या तबकडीवरून त्या गीताची सुरावट तयार झाली.

२००१ मध्ये त्यांनी 'वेलकम टू डेट्रॉइट' ही स्वतःच्या नावाची पहिली ध्वनिमुद्रिका काढली. संगीतनिर्माते जर्मेन डुप्री यांच्या नावाच्या आद्याक्षरांशी गोंधळ होऊ नये म्हणून याच सुमारास त्यांनी 'जे डिला' हे नाव घेतले. यानंतर एमसीए या मोठ्या कंपनीने त्यांच्याशी करार केला. परंतु या करारातून तयार झालेली ध्वनिमुद्रिका त्यांच्या हयातीत प्रकाशित होऊ शकली नाही. ती 'द डायरी' या नावाने २०१६ मध्ये बाहेर आली. मोठ्या कंपनीच्या या अनुभवानंतर यान्सी लहान व स्वतंत्र कंपन्यांकडे वळले. २००३ मध्ये कॅलिफोर्नियातील संगीतनिर्माते मॅडलिब यांच्यासह त्यांनी 'जेलिब' या जोडनावाने 'चॅम्पियन साउंड' ही ध्वनिमुद्रिका केली. त्यात एकाने केलेल्या संगीतावर दुसऱ्याने रॅप करायचे, अशी योजना होती.

== तबकडीवरून ध्वनी उचलण्याची पद्धत ==

सॅम्पलिंगची सुरुवात तबकडी शोधण्यापासून होते. या क्षेत्रातील मंडळी जुन्या तबकड्यांच्या दुकानांत तासन्‌तास खोकी चाळत बसतात. यान्सी यांचा संग्रह हजारो तबकड्यांचा होता. मिळालेली तबकडी वाजवायची, एखादा भाग हेरायचा आणि तो यंत्राच्या स्मृतीत उतरवायचा, हा पहिला टप्पा. जुन्या यंत्रांची स्मृती केवळ काही सेकंदांची असे. त्यामुळे अनेक जण ३३ फेऱ्यांची तबकडी ४५ फेऱ्यांच्या वेगाने वाजवून ध्वनी उतरवत आणि नंतर यंत्रात त्याचा वेग कमी करत. यात जागा वाचत असे आणि आवाजाला एक खरखरीत पोतही येत असे.

दुसरा टप्पा कापणीचा. घेतलेला भाग जसाच्या तसा पुन्हापुन्हा वाजवणे ही सोपी रीत. यान्सी यांनी ती वापरली, पण त्यांचे वेगळेपण कापणीत दिसते. सुरावटीचे अगदी लहान तुकडे करून ते वेगवेगळ्या कळांवर ठेवायचे आणि मूळ क्रम मोडून नवी सुरावट वाजवायची, हे त्यांचे आवडते तंत्र होते. कधी ते गाळणीसारख्या यंत्रसुविधेने वरचे स्वर काढून टाकत, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणातील केवळ खर्जाचा भाग उरे व तोच नव्या गीताचा पाया होई. गायकाने दोन ओळींमध्ये घेतलेला श्वास किंवा गाणे संपतानाचा अर्धवट सूर, असे इतरांनी दुर्लक्षिलेले क्षणही ते वापरत. तबकडीच्या चरांतील धुळीची करकरही अनेकदा तशीच ठेवलेली आढळते.

या पद्धतीचे नमुनेदार उदाहरण म्हणजे 'डोन्ट क्राय' ही रचना. तिचा आधार 'दि एस्कॉर्ट्स' या गटाच्या एका सोल गीताचा आहे. न्यू जर्सी राज्यातील राहवे येथील तुरुंगात शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांचा हा गट होता आणि १९७० च्या दशकात त्यांचे गायन तुरुंगातच ध्वनिमुद्रित झाले होते. यान्सी सुरुवातीला मूळ गीत बरेचसे तसेच ऐकवतात आणि मग त्याच गीताचे बारीक तुकडे करून नवी रचना उभी करतात. त्यामुळे मूळ काय होते आणि त्याचे काय झाले, हे श्रोत्याला एकाच रचनेत ऐकायला मिळते.

== लयविचार ==

ठेका बांधणाऱ्या यंत्रांमध्ये वादकाचा प्रत्येक आघात आपोआप जवळच्या अचूक स्थानी सरकवण्याची सोय असते. त्यामुळे ठेका निर्दोष होतो, पण निर्जीव वाटण्याचा धोका राहतो. यान्सी यांनी ही सोय केवळ बंद ठेवली, असा समज रूढ आहे. लेखक डॅन चार्नस यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'डिला टाइम' या चरित्रग्रंथात हा समज अपुरा असल्याचे दाखवले आहे. त्यांच्या विवेचनानुसार यान्सी यांची लय ही निष्काळजीपणातून आलेली नसून जाणीवपूर्वक घडवलेली होती. एकाच रचनेत एक वाद्य सरळ, समान अंतराच्या लयीत चालते, दुसरे झुलत्या लयीत चालते आणि एखादा आघात किंचित आधी किंवा उशिरा पडतो. या परस्परविरोधी चालींतील ताणामुळे ठेका अडखळल्यासारखा वाटतो, तरी मान मात्र डोलत राहते.

हा परिणाम उलट दिशेने वादकांपर्यंत पोहोचला, ही त्यातील लक्षणीय बाब आहे. एरवी यंत्र माणसाच्या वादनाची नक्कल करते. येथे वादकांनी यंत्रावर रचलेल्या ठेक्याची नक्कल करण्याचा सराव केला. 'द रूट्स' या गटाचे ड्रमवादक क्वेस्टलव्ह यांनी आपली वादनशैली यान्सी यांच्या प्रभावाने बदलली. डी'अँजेलो यांच्या 'वूडू' (२०००) या ध्वनिमुद्रिकेतील सैलसर लयीवर हा प्रभाव स्पष्ट जाणवतो. पुढील पिढीतील जॅझ पियानोवादक रॉबर्ट ग्लास्पर यांच्या वादनातही तो दिसतो.

== कायदा, श्रेय आणि मोबदला ==

दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा वापरताना सामान्यतः दोन परवानग्या लागतात. एक मूळ रचनेच्या हक्कधारकाची आणि दुसरी त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाच्या हक्कधारकाची. १९९१ मध्ये न्यू यॉर्कच्या संघीय न्यायालयाने गायक गिल्बर्ट ओ'सलिव्हन यांच्या गीतासंबंधी रॅपर बिझ मार्की यांच्याविरुद्ध निर्णय दिला आणि विनापरवाना सॅम्पलिंगचा काळ जवळपास संपला. २००४ च्या ब्रिजपोर्ट खटल्यात, मिशिगनचा समावेश असलेल्या सहाव्या विभागाच्या अपील न्यायालयाने, ध्वनिमुद्रणाचा अगदी लहान तुकडा घेण्यासाठीही परवानगी आवश्यक ठरवली. कॅलिफोर्नियाचा समावेश असलेल्या नवव्या विभागाच्या न्यायालयाने २०१६ मध्ये याहून वेगळे मत दिले. अशा प्रकारे यान्सी यांनी ज्या दोन राज्यांत काम केले, तेथील अपील न्यायालयांची या प्रश्नावरील भूमिका पुढे परस्परविरोधी ठरली.

या वादाला दोन बाजू आहेत. ज्यांच्या वादनाचा तुकडा वापरला जातो, ते वादक बहुधा हक्कधारक नसतात, कारण त्यांना ध्वनिमुद्रणाच्या दिवशी एकरकमी मानधन मिळालेले असते आणि हक्क कंपनीकडे असतात. त्यामुळे परवानगीची रक्कम भरली, तरी ती मूळ वादकापर्यंत पोहोचेलच असे नाही. दुसरीकडे, सॅम्पलिंगमुळे अनेक विस्मृत तबकड्यांकडे श्रोते पुन्हा वळले. यान्सी यांच्या रचनांचा मूळ स्रोत शोधणाऱ्या श्रोत्यांमुळे अशी कितीतरी जुनी गीते नव्याने ऐकली जाऊ लागली.

== आजारपण आणि 'डोनट्स' ==

२००२ च्या सुमारास यान्सी यांना रक्ताचा एक दुर्मीळ विकार जडल्याचे निदान झाले. या विकारात सूक्ष्म रक्तवाहिन्यांमध्ये गुठळ्या होतात आणि रक्तातील बिंबाणूंची संख्या घटते. त्याच्या जोडीला ल्युपस हा आजारही होता. २००४ मध्ये ते लॉस एंजेलसला स्थायिक झाले. २००५ मध्ये त्यांना दीर्घकाळ रुग्णालयात राहावे लागले. आई मॉरीन त्यांच्या शुश्रूषेसाठी डेट्रॉइटहून तेथे आल्या.

रुग्णालयातही त्यांचे काम थांबले नाही. मित्रांनी त्यांना लहान टर्नटेबल, ध्वनी उतरवण्याचे सुटसुटीत यंत्र आणि छोट्या तबकड्यांचे खोके आणून दिले. सुजलेल्या बोटांनी काम करता यावे म्हणून आई त्यांचे हात चोळून देत असे. 'डोनट्स' ही संपूर्ण ध्वनिमुद्रिका रुग्णशय्येवर तयार झाली, अशी कथा प्रचलित आहे. प्रत्यक्षात तिचा बराच भाग आधीच तयार होता आणि काही काम आजारपणात झाले. २००५ च्या अखेरीस त्यांनी चाकांच्या खुर्चीत बसून युरोपचा दौराही केला.

'डोनट्स' ७ फेब्रुवारी २००६ रोजी, त्यांच्या ३२ व्या वाढदिवशी, स्टोन्स थ्रो या कंपनीने प्रकाशित केली. तिच्यात ३१ लहान रचना असून बहुतेक दोन मिनिटांच्या आतबाहेर संपतात. तिच्यावर रॅप जवळजवळ नाही आणि शब्द येतात ते जुन्या तबकड्यांवरील गायकांचेच. तिची मांडणी वर्तुळाकार आहे : पहिल्या रचनेचे नाव समारोपसूचक, शेवटच्या रचनेचे स्वागतपर, आणि शेवटची रचना पुन्हा पहिलीकडे नेणारी. 'टाइम : द डोनट ऑफ द हार्ट' या रचनेत 'द जॅक्सन फाइव्ह' या गटाच्या मोटाउन काळातील गीताचा वापर आहे, तर अन्यत्र डिऑन वॉरविक, 'दि आयस्ली ब्रदर्स' व '१०सीसी' यांच्या ध्वनिमुद्रणांचा. निरोप, काळ आणि अश्रू यांसंबंधीचे शब्द वारंवार येत असल्याने अनेक अभ्यासक या ध्वनिमुद्रिकेकडे त्यांचा अखेरचा निरोप म्हणून पाहतात.

प्रकाशनानंतर तिसऱ्या दिवशी, १० फेब्रुवारी २००६ रोजी, लॉस एंजेलस येथील राहत्या घरी हृदयक्रिया बंद पडून त्यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात आईवडील, भावंडे व दोन मुली होत्या. 

== मृत्यूनंतर ==

अपूर्ण राहिलेली 'द शायनिंग' ही ध्वनिमुद्रिका त्यांचे मित्र व ड्रमवादक करीम रिगिन्स यांनी पूर्ण केली आणि ती ऑगस्ट २००६ मध्ये प्रकाशित झाली. मॅडलिब यांनी हिंदी चित्रपटसंगीताच्या व अन्य भारतीय तबकड्यांवर आधारलेली 'बीट कंडक्टा इन इंडिया' (२००७) ही ध्वनिमुद्रिका काढली आणि त्याच मालिकेचे पुढील दोन भाग यान्सी यांच्या स्मृतीस अर्पण केले. २००९ मध्ये लॉस एंजेलस येथे सुमारे ६० वादकांच्या वाद्यवृंदाने यान्सी यांच्या रचना सादर केल्या. 'स्वीट फॉर मा ड्यूक्स' या नावाचा हा कार्यक्रम त्यांच्या आईला अर्पण केलेला होता. तुकड्यांतून जोडलेले संगीत येथे स्वरलिपीत उतरून पुन्हा प्रत्यक्ष वाद्यांवर आले.

कीर्ती वाढत असताना त्यांच्या मालमत्तेचे प्रश्न मात्र गुंतागुंतीचे होत गेले. कराची थकबाकी व इतर देणी मागे राहिली होती. त्यांच्या रचनांचा विनापरवाना वापर होत होता आणि वारसा व्यवस्थापनावरून मतभेदही झाले. आयुष्यभर इतरांच्या ध्वनिमुद्रणांतून संगीत घडवणाऱ्या या कलावंताच्या रचना आता स्वतःच इतरांसाठी कच्चा माल बनल्या होत्या आणि श्रेय व मोबदल्याचा जुना प्रश्न त्यांच्या कुटुंबासमोर उभा राहिला.

२०१२ मध्ये डेट्रॉइट परिसरातील तबकड्यांच्या एका दुकानदाराने भाडे न भरल्यामुळे सोडून दिलेल्या गोदामातील हजारो तबकड्या विकत घेतल्या. सोबतच्या कागदपत्रांवरून तो यान्सी यांचा संग्रह असल्याचे लक्षात आले. त्यात त्यांच्या कॅसेटही होत्या. दुकानदाराने त्यांच्या आईशी संपर्क साधला आणि पुढे त्यांच्या संमतीने या तबकड्यांची विक्री झाली.

२०१४ मध्ये मॉरीन यान्सी यांनी मुलाचे एमपीसी-३००० यंत्र व एक सिंथेसायझर वॉशिंग्टन येथील आफ्रिकी-अमेरिकी इतिहास व संस्कृतीच्या राष्ट्रीय संग्रहालयास भेट दिले. २०१६ मध्ये संग्रहालय खुले झाल्यापासून हे यंत्र तेथील संगीतविषयक दालनाचा भाग आहे. फ्रान्समधील माँपेलिए शहरात एका मार्गाला 'जे डी' यांचे नाव देण्यात आले आहे. दरवर्षी फेब्रुवारी महिन्यात अनेक देशांतील चाहते त्यांच्या स्मरणार्थ कार्यक्रम आयोजित करतात.

== निवडक ध्वनिमुद्रिका ==

* फँटॅस्टिक, व्हॉल्यूम २ (स्लम व्हिलेज, २०००)
* वेलकम टू डेट्रॉइट (२००१)
* रफ ड्राफ्ट (२००३)
* चॅम्पियन साउंड (मॅडलिब यांच्यासह, २००३)
* डोनट्स (२००६)
* द शायनिंग (मरणोत्तर, २००६)
* जे स्टे पेड (मरणोत्तर, २००९)
* द डायरी (मरणोत्तर, २०१६)